कागलच्या पलीकडचे शब्द

पुण्याहून बेंगळूरुला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ कागल मागे टाकून निपाणीच्या दिशेने निघाला की राज्य बदलते. माती तीच असते, दुतर्फा ऊसही तोच असतो, बदलतात त्या पाट्या. अलीकडे 'वाहने सावकाश चालवा' असते, पलीकडे कन्नड लिपीत 'निधानवागि चलिसि'. ज्याला ही लिपी वाचता येत नाही त्याची सुटका आहे. ज्याने अक्षरे शिकून घेतली आहेत त्याची मात्र पंचाईत होते, कारण शब्द ओळखीचे निघतात आणि अर्थ लागत नाही. निधान म्हणजे आपल्याकडे ठेवा, संतवाणीत वारंवार भेटणारा खजिना. कन्नडमध्ये निधान म्हणजे हळू. पुढे कुठे 'अपघात वलय' लिहिलेले दिसते. वलय म्हटले की मराठी मनापुढे देवाच्या मस्तकामागचे तेज उभे राहते, आणि कन्नडला इतकेच सांगायचे असते की हा अपघातांचा टापू आहे. हसू येते, आणि ते येण्यात गैर काहीच नाही. प्रवासाहून परतलेली माणसे अशा शब्दांच्या याद्या हौसेने ऐकवतात. पण त्या हसण्यापाशीच थांबले तर प्रवासातली एक मोठी कमाई हातची जाते, असे मला ठामपणे वाटते. परभाषेत भेटलेला ओळखीचा शब्द विचित्र वाटतो तेव्हा तो बिघडलेला नसतो. एकाच वारशाच्या वाटण्या झाल्या, त्यांना एक वाटा मिळाला आणि आपल्याला दुसरा. त्यांच्या वाट्याकडे नीट पाहिले की बहुतेक वेळा लक्षात येते, तो अर्थ आपल्याही घरात आहे, फक्त अडगळीत पडला आहे. हे पडताळून पाहायला हा महामार्ग सोयीचा आहे. तो चेन्नईपर्यंत जातो. तिथून तंजावर, मग केरळ आणि शेवटी समुद्रापलीकडचे जावा बेट, अशी वाट मी या लेखात धरतो आहे.

सुरुवात आपल्याच पाटीपासून करू. 'सावकाश' हा शब्द आपण इतका वापरला आहे की त्याचा सांधा आता दिसत नाही. तो आहे स-अवकाश, म्हणजे अवकाशासह. अवकाश म्हणजे मूळची मोकळी जागा. मराठीने तो अर्थ अवकाशयानात जपला, आणि 'अजून थोडा अवकाश आहे' असे म्हणताना जागेची वेळ केली. हिंदीने त्या मोकळ्या वेळेची सुट्टी केली, म्हणून तिकडे कर्मचारी 'अवकाश पर' असतो. कन्नड आणि तेलुगू भाषांनी त्याच मोकळ्या जागेत संधी पाहिली. मल्याळम सर्वांत पुढे गेली: तिथे अवकाशम् म्हणजे हक्क, आणि मनुष्यावकाशम् म्हणजे मानवी हक्क. जागा, वेळ, सुट्टी, संधी, हक्क ही यादी एका दमात वाचली तर अर्थांचा गोंधळ वाटतो. पायरीपायरीने उतरले तर एकही पायरी निसटत नाही. ज्याला उभे राहायला जागा मिळाली त्याला संधी मिळाली, आणि जी जागा कोणी काढून घेऊ शकत नाही ती हक्काची झाली. त्यातही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की सुटा अवकाश इतका दूर गेला तरी 'सावकाश' कन्नड आणि मल्याळम या दोन्ही भाषांत अजून आपल्यासारखाच 'हळू' आहे. भावंडे वेगळी झाली तरी जोडशब्दाच्या कुशीत जुना अर्थ एकत्र नांदत राहिला. कन्नडमधल्या निधानाचा उलगडाही मला याच रीतीने पटतो. निधान म्हणजे नीट ठेवणे. नीट ठेवलेली वस्तू हा ठेवा झाला, आणि पाऊल नीट ठेवणे म्हणजे हळू चालणे झाले.

शब्दांच्या वाटण्या कुठल्या रेषेवर झाल्या हे पाहायला लागलो की आणखी एक समज ढासळतो. लिपी एक म्हणून मराठी आणि हिंदी यांना आपण जवळच्या बहिणी मानतो. पण हिंदीतल्या 'शिक्षा मंत्री' या शब्दांनी मराठी मुलाच्या डोळ्यांपुढे छडी घेतलेला मंत्री येतो, कारण आपल्याकडे शिक्षा होते ती गुन्ह्याबद्दल. इथे कन्नड, तेलुगू आणि मल्याळम आपल्या बाजूला आहेत. या तिन्ही भाषांत शिक्षा म्हणजे दंडच. बंगाली हिंदीच्या बाजूला आहे. म्हणजे कुळाने उत्तरेची असलेली मराठी या शब्दापुरती दक्षिणेच्या पंगतीत बसली. मग चूक कोणाची? संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे, शिकवणे. सहा वेदांगांतले उच्चारशास्त्राचे अंग 'शिक्षा' याच नावाचे आहे. तेवढ्यावरून हिंदी बरोबर आणि आपण चूक असा निकाल द्यायची घाई होते. पण शिष्य, शास्त्र आणि शासन हे तीनही शब्द 'शास्' या एकाच धातूचे आहेत, आणि त्या धातूत शिकवणे, हुकूम चालवणे आणि दंड करणे एकत्रच राहतात. जुन्या काळच्या गुरुगृही या तीन गोष्टी वेगळ्या नसाव्यात. मराठीत आजही आपण कोणाला 'चांगला धडा शिकवतो' तेव्हा पाटी-पेन्सिल हातात नसते. शिकवण्यातला दंड आपण शिक्षेला दिला आणि शिकवणे शिक्षणाकडे ठेवले. हिंदीने तशी वाटणी केली नाही. दोन्ही घरांचा कारभार आपापल्या जागी रीतसर चालला आहे.

मुख्य वाट थोडी सोडून सोलापूरहून हैदराबादकडे पाहिले तर तेलुगूचा प्रदेश लागतो, आणि तिथे मराठी पाहुणचाराची परीक्षा होते. आपण पाहुण्याला आग्रह करकरून वाढतो. तेलुगूत आग्रहम् म्हणजे राग. पान वाढणारी माणसे रागारागाने जिलबी वाढत आहेत, असे चित्र तेलुगू कानाला दिसेल. पण आग्रह म्हणजे घट्ट धरून ठेवणे. जो धरून बसला तो प्रेमानेही बसेल आणि संतापानेही. आपल्या भाषेत हट्टाला लागून राग येतोच, आणि 'दुराग्रह' म्हणताना आग्रहाची ती दुसरी बाजू आपण स्वतःच दाखवतो. याच प्रदेशात मला मराठीबद्दल सर्वांत जास्त शिकवणारी शब्दांची एक जोडी भेटते. तेलुगूत आणि कन्नडमध्ये प्रपंच म्हणजे जग. हिंदीत संसार म्हणजे जग. मराठीत हे दोन्ही शब्द घरात आहेत: संसार म्हणजे नवराबायकोचा संसार, प्रपंच म्हणजे मुलाबाळांचा, मीठमिरचीचा पसारा. विश्वाच्या विस्ताराचे नाव आणि जन्ममरणाच्या फेऱ्याचे नाव, दोन्ही आपण उचलून उंबरठ्याच्या आत आणली. यामागे संतवाणीचा हात मोठा असावा, कारण परमार्थाच्या समोर उभे करायला तिला रोजच्या जगण्याचे नाव हवे होते. तेलुगू-कन्नड घरांतही संसार म्हणजे कुटुंबच आहे, त्यामुळे ही किमया एकट्या मराठीची नाही. पण हैदराबादमध्ये प्रपंच शब्द जगाच्या बातम्यांत ऐकला की आपल्या प्रपंचाला केवढे आकाश होते ते एकदम कळते, आणि ते घरी बसून कळणारे नाही.

पुन्हा महामार्गावर आलो की हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग करत बेंगळूरु येते. तिथे सिनेनटांच्या फलकांवर 'अभिमानी' हा शब्द सतत दिसतो. हे गर्विष्ठ लोकांचे मंडळ नव्हे, चाहत्यांचे आहे. कन्नड चित्रपटांचे थोर अभिनेते राजकुमार आपल्या चाहत्यांना 'अभिमानी देवरु', म्हणजे चाहतेरूपी देव म्हणत. हिंदी माणसाला हे ऐकून धक्का बसेल, कारण त्याच्या भाषेत अभिमान हा दुर्गुण आहे आणि चांगला अभिमान सांगायचा तर तो गर्व म्हणतो. आपल्याकडे नेमके उलट आहे: अभिमान मिरवावा आणि गर्व टाकावा. 'गर्वाचे घर खाली' ही आपली म्हण हिंदी माणसाने वाचली तर गर्व हा त्याला सद्गुण वाटेल, खाली म्हणजे रिकामे वाटेल, आणि एवढ्या चांगल्या गोष्टीचे घर ओस का पडले याचे दुःख होईल. तीन शब्दांतले दोन शब्द वेगळ्या वाटेने गेले आणि म्हणीचा उपदेश उलटला. पण कन्नडमधला चाहता आपल्याला खरोखरच परका आहे का? 'मराठीचे अभिमानी' म्हणताना आपण कोणाला गर्विष्ठ ठरवत नाही. भाषाभिमानी म्हणजे भाषेवर जीव टाकणारा. अभिमानात माया होतीच. कन्नडने ती सिनेमागृहापर्यंत नेली, आपण भाषा आणि देश यांच्यापाशी थांबलो. बेंगळूरुचा फलक पाहिल्यावर आपल्याच शब्दातली ही माया पुन्हा हाताला लागते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ध्वनी सारखा म्हणून नाते जोडत गेलो तर कशाशीही काहीही जोडता येईल. योगायोग नावाची गोष्ट आहे की नाही? नक्कीच आहे, आणि होसूरपाशी तमिळनाडूत शिरताच तिचे उत्तम उदाहरण मिळते. तमिळमध्ये दुधाला पाल म्हणतात. दुकानावर 'पाल' वाचून मराठी माणसाच्या अंगावर शहारा आला तर तो समजण्यासारखा आहे. पण दूध आणि भिंतीवरचा प्राणी यांचा काही संबंध नाही. हिंदीतली ऊन म्हणजे लोकर आणि आपले ऊन यांचाही नाही: ती ऊर्णेतून आली, हे उष्णातून आले. तेव्हा नाते कसे ओळखायचे? ध्वनिबदल नियमाने झाला आहे का, हे पाहून. जुन्या कन्नडमधला शब्दारंभीचा 'प' पुढे 'ह' झाला. तमिळमधला पाल कन्नडमध्ये हालु झाला, पुलि म्हणजे वाघ तो हुलि, पू म्हणजे फूल ते हू, पत्तु म्हणजे दहा ते हत्तु. नियम इतक्या ठिकाणी लागू पडतो तेव्हा योगायोगाला जागा उरत नाही. आणि आपल्या पालीचे खरे नाते शोधले तर तेही तमिळमध्ये सापडते, फक्त दुधाच्या दुकानात नाही. तमिळमध्ये पालीला 'पल्लि' म्हणतात, कन्नडमध्ये 'हल्लि', संस्कृतात 'पल्ली'. अभ्यासकांच्या मते हा शब्द द्राविडी भाषांतून संस्कृतात आला. म्हणजे ज्याला पाहून दचकलो तो शब्द परका निघाला, आणि जो ऐकून ओळखही पटली नसती तो सख्खा निघाला. आक्षेपाने माझा मुद्दा खोडला जात नाही, उलट त्याला शिस्त लागते. हसू आले की नाते गृहीत धरू नये. ते तपासावे.

चेन्नईत आणि तिथून तंजावरपर्यंत ही तपासणी चांगली फळ देते. तिथे जागोजागी कल्याणमंडप दिसतात. आपले कल्याण म्हणजे हित, नाहीतर ठाणे जिल्ह्यातले गाव. तमिळमध्ये, तसेच तेलुगू आणि मल्याळममध्येही, कल्याणम् म्हणजे विवाह. लग्नात कल्याणच होते अशी खात्री देणारी भाषा पाहून गंमत वाटते. पण आपण तरी काय म्हणतो? आपल्याकडे विवाह 'मंगल कार्यालया'त होतो, आणि घरी विवाह ठरला की 'कार्य निघाले' म्हणतात. बाहेरच्या माणसाला ते मांगल्याचे सरकारी दफ्तर वाटेल. 'लग्न' हा शब्दसुद्धा मुळात 'लागलेले, जोडलेले' असा आहे आणि ज्योतिषातून मांडवात आला आहे. दुसरा शब्द कच्चेरी. आपली कचेरी म्हणजे कारकून, फायली आणि शिक्के. तमिळमध्ये कच्चेरी म्हणजे गाण्याची मैफल, आणि मार्गळी या तमिळ महिन्यात चेन्नईतल्या सभागृहांत त्यांचा हंगाम असतो. त्याच शहरात मैलापूरला एक कचेरी रोड आहे, तो मात्र दफ्तराच्या अर्थाचा. दोन्ही अर्थ एका वस्तीत नांदतात. आपल्याकडे मंत्र्यांची बैठक असते आणि लावणीचीही बैठक असते, हे आठवले की त्या कच्चेरीचे नवल ओसरते. माणसे जमली की कामही निघते आणि गाणेही. तिसरा शब्द तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी १८०३ मध्ये तिथे भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला, आणि तो 'भोसले वंशचरित्र' म्हणून ओळखला जातो. हिंदीत चरित्र म्हणजे शील, मराठीत एका माणसाची जीवनकथा, तर तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम या भाषांत चरित्र म्हणजे इतिहास. दक्षिणेतल्या शाळेत मुले चरित्र शिकतात तेव्हा ती सनावळ्या पाठ करत असतात. आपल्याला हा अर्थ परका वाटतो, पण तंजावरच्या दगडावर मराठीनेच तो कोरून ठेवला आहे. वंशाचे चरित्र म्हणजे इतिहासच.

आता दुसरा आक्षेप. या सगळ्याचा निवाडा संस्कृतने करावा, मूळ अर्थ जो तोच खरा, बाकीचे अपभ्रष्ट, असे अनेक सुशिक्षितांना मनापासून वाटते. या कसोटीवर आपण टिकू का, हे आधी पाहावे. हिंदी आणि बंगाली भाषांत उपन्यास म्हणजे कादंबरी. चेन्नईत उपन्यासम् म्हणजे पुराणावरचे प्रवचन, कन्नडमध्ये उपन्यास म्हणजे व्याख्यान. संस्कृतात उपन्यास म्हणजे जवळ ठेवणे, मांडणी करणे. म्हणजे व्याख्यानच मुळाच्या जवळ आहे. आणि आपला शब्द? सातव्या शतकातल्या बाणभट्टाच्या एका नायिकेचे, तिच्या नावाच्या एका ग्रंथाचे विशेषनाम उचलून मराठीने आणि कन्नडने अख्ख्या वाङ्मयप्रकाराला दिले. मूळ अर्थाच्या न्यायालयात 'कादंबरी' पहिल्याच सुनावणीत हरेल. तरी कादंबरी म्हणताना एकाही मराठी वाचकाला चुकल्यासारखे वाटत नाही, आणि वाटूही नये. वापरणाऱ्यांच्या पिढ्यांनी एकमुखाने मान्य केलेला अर्थ हाच शब्दाचा हक्काचा अर्थ. शिवाय संस्कृत हा एकच झरा नव्हता. तीही हजारो वर्षे बोलली-लिहिली गेलेली भाषा होती आणि तिच्या पोटातच अर्थांच्या शाखा फुटल्या होत्या. हे सर्वांत स्वच्छ दिसते ते केरळात.

केरळात गावोगावी 'मृगाशुपत्री' अशी पाटी दिसते, आणि तिरुवनंतपुरमला १८५७ पासूनची 'मृगशाला' आहे. हरणांसाठी एवढी इस्पितळे पाहून मराठी माणूस थक्क होईल. पण मल्याळममध्ये मृगम् म्हणजे कोणतेही जनावर. हरणाला तिथे मान् म्हणतात. ऋग्वेदात हत्तीला हात असलेला मृग म्हटले आहे. सिंह मृगेंद्र आहे तो हरणांचा राजा म्हणून नव्हे, माकड शाखामृग आहे ते शिंगांमुळे नव्हे. हे शब्द मराठी माणसाला पाठ असतात, तरी त्यांच्यातला रुंद मृग त्याला दिसत नाही. केरळातली गुरांच्या दवाखान्याची पाटी तो दाखवते. इंग्रजीतही असेच झाले: हरणाचा आजचा शब्द डिअर पूर्वी कोणत्याही जनावराला लागत असे, आणि त्याचा जर्मन भाऊ 'टीअर' अजून लागतो. याच केरळात माहितीच्या अधिकाराला 'विवरावकाशम्' म्हणतात. मराठी कानाला यात कृष्णविवर आणि अंतराळ दोन्ही ऐकू येतात. पण विवर म्हणजे उघडलेली जागा, आणि मजकूर उघडून दाखवणे म्हणजे विवरण. माहितीचा अर्थ आपल्या विवरणात बसलेलाच होता. तिथे 'संसारम्' म्हणजे बोलणे. माणसांत राहणे आणि माणसांशी बोलणे यांतले अंतर फार नसते. इंग्रजी कॉन्व्हर्सेशन या शब्दाचा जुना अर्थही लोकांत वावरणे असाच होता. आणि तिथे 'पळ्ळी' आहे. ख्रिस्ती चर्च पळ्ळी, मशीद पळ्ळी, कोचीतले १५६८ सालचे ज्यूंचे प्रार्थनागृहही ज्यूंची पळ्ळी, शाळा पळ्ळिक्कूडम्. तमिळमध्येही शाळेला पळ्ळी म्हणतात. पूर्वी हा शब्द वस्तीला आणि बौद्ध-जैनांच्या मठांना लागत असे. कन्नडच्या 'प'चा 'ह' करणारा नियम लावला की महामार्गावर मागे पडलेली प्रत्येक 'हळ्ळी' हीच पळ्ळी होती हे कळते. गाव, मठ, शाळा, चर्च, मशीद आणि ज्यूंचे मंदिर यांना एकाच शब्दाने सामावणारी भाषा पाहून हसू येत नाही. आदर वाटतो.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. ही गंमत प्रवाशाला ठीक, पण एका देशात एकच शब्द चार अर्थांनी फिरला तर कामे अडतात. राजस्थानातल्या न्यायालयात दोन पक्षांचा राजीनामा झाला म्हणजे त्यांच्यात तडजोड झाली. मुंबईत राजीनामा झाला म्हणजे नोकरी गेली. फारसीत तो राजी असल्याचा लेख, त्यामुळे दोन्ही बाजू खऱ्या, पण कागद भाषांतरित करणाऱ्याने घोटाळा केला तर नुकसान खरे असते. मग संस्कृतातून एकसारखी परिभाषा करून ती सर्व भाषांना का देऊ नये? हिंदीने आपला शब्दसंग्रह मुख्यतः संस्कृतातून वाढवावा असे संविधानाचे ३५१ वे कलम सांगते, आणि १९६१ मध्ये परिभाषेसाठी केंद्र सरकारने आयोगही नेमला. विज्ञानाच्या पारिभाषिक शब्दांत अशा एकसारखेपणाचा उपयोग आहे हे मी मान्य करतो. पण रोजच्या भाषेला तो लागू करताना एक गृहीतक मध्येच शिरते, की संस्कृत शब्द सर्वत्र सारखाच समजतो. कागल ते कोची या वाटेने ते गृहीतक टिकत नाही. शिक्षा, अवकाश, चरित्र, उपन्यास, अभिमान हे सगळे शुद्ध संस्कृत शब्द आहेत आणि नेमके तेच दगा देतात. अनोळखी शब्दाचा अर्थ माणूस विचारतो. ओळखीच्या शब्दाचा विचारत नाही, म्हणून फसतो. यावरचा उपाय शब्द सपाट करणे हा नाही. शेजारच्या भाषेची तोंडओळख शाळेतच करून देणे हा आहे. बेळगाव, सोलापूर, सांगली या सीमाभागांत दोन-दोन, तीन-तीन भाषा सहज वापरणाऱ्या माणसांना हा उपाय कोणी शिकवावा लागलेला नाही.

चौथ्या बाजूने एक मोह येतो, आणि तो आक्षेपापेक्षा जास्त जपून हाताळावा लागतो. शब्दांवरून माणसांचा स्वभाव सांगण्याचा हा मोह. तेलुगू माणूस आग्रहाला राग म्हणतो म्हणून तो तापट, मल्याळी माणूस अवकाशाला हक्क म्हणतो म्हणून तो हक्कांबद्दल जागा, असे निष्कर्ष काढायला मजा येते. एस्किमो लोकांकडे बर्फासाठी असंख्य शब्द असल्याची गोष्ट अशीच पसरली. मानववंशशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांनी १९११ मध्ये फक्त चार मूळ शब्दांचे उदाहरण दिले होते. पुढे सांगणाऱ्यांनी तो आकडा फुगवत नेला, आणि भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी १९९१ मध्ये त्या फुगवट्याची कठोर झडती घेतली. मी मराठीच्या प्रपंचाबद्दल वर जे लिहिले ते याच मोहाच्या सीमेवर आहे, म्हणून त्याची मर्यादा सांगायला हवी. शब्दाचा अर्थ सरकतो तो साऱ्या समाजाच्या स्वभावाने नव्हे. कोणी तरी, कुठल्या तरी वळणावर, एखाद्या गरजेपोटी तो वापरतो आणि इतर उचलतात. संतांना घरच्या जगण्यासाठी शब्द हवा होता, न्यायालयाला तडजोडीच्या कागदासाठी. अर्थामागे अशा नेमक्या गरजा शोधाव्यात, त्यातून इतिहास कळतो. स्वभाव शोधू गेलो तर आपलाच पूर्वग्रह हाती येतो.

या वाटेचे शेवटचे ठिकाण जावा. पहिल्या सहस्रकात व्यापार आणि धर्म यांच्यासोबत संस्कृत शब्द तिथे गेले. आठव्या-नवव्या शतकांतला बोरोबुदूरचा स्तूप त्या संबंधाची साक्ष देतो. आजच्या इंडोनेशियन भाषेत नवरा म्हणजे 'सुआमी', बायको म्हणजे 'इस्त्री'. ही इस्त्री स्त्रीपासून आली. आपली कपड्यांची इस्त्री पोर्तुगीज आहे, तेव्हा हे साम्य पाल आणि दूध यांच्या जातीचे. चरिताची तिथे 'चरिता' म्हणजे गोष्ट झाली, आणि शील, जीवनकथा, इतिहास या मालिकेत आणखी एक मणी ओवला गेला. पण सर्वांत गमतीची अदलाबदल वेगळीच आहे. नगराचे तिथे 'नेगारा' झाले आणि त्याचा अर्थ देश. देशाचे 'देसा' झाले आणि त्याचा अर्थ खेडे. शहर फुगून राष्ट्र झाले, राष्ट्र आटून खेडे झाले. खेड्याच्या प्रमुखाला तिथे 'कपाला देसा' म्हणतात. कपाला म्हणजे डोके, आपले कपाळ. सरपंचाला देशाचे कपाळ म्हणणारी भाषा मराठी माणसाला हसवणार नाही तर काय? आता हसून झाल्यावर घाटावर या. कोकणातला माणूस घाट चढला की 'देशावर' गेला असे आपण म्हणतो. हा देश भारत नव्हे, सह्याद्रीच्या पूर्वेचा टापू आहे. आणि त्याहून लहान देश आपल्या आडनावांत आहे. परगण्याच्या वतनदार प्रमुखाला आपण 'देशमुख' म्हणत आलो. तो देश म्हणजे काही गावांचा परगणा, आणि त्याचा प्रमुख म्हणजे त्या देशाचे मुख. जावाने डोके घेतले, आपण तोंड घेतले. हजारो मैल दूर, मध्ये समुद्र, एकमेकांना न विचारता दोन समाजांनी गावकीच्या कारभाऱ्याचे नाव एकाच साच्यात घडवले. कपाला देसा विचित्र असेल तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक देशमुखाच्या दारावरची पाटीही तितकीच विचित्र आहे. ती रोज दिसते म्हणून आपण ती वाचत नाही. कागलच्या पलीकडे जायचे ते ही पाटी वाचता यावी म्हणून.